नर्सबाईंचे स्मरण करताना

(कर्जत येथील स्मृतिसभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणासाठी ही सभा भरली आहे त्यांचे नाव पत्रकावर छापू नये, फोटोला हार घालू नये, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा होती. ती पाळली गेली हे योग्यच झाले. तसेही त्यांचे नाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील किती माणसांना ठाऊक होते, याची शंकाच आहे. अडतीस वर्षे त्या वाड्यावाड्यांतून ‘नर्सबाई’ होत्या आणि निवृत्तीनंतरची वीसबावीस वर्षे ‘आजी’. ज्यांची नाळ त्यांनी कापली तेही त्यांना आजी म्हणत आणि ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता असे स्थानकावरचे हमालही आजीच म्हणत.

शोकसभेत परिचारिकेविषयी बोलताना वक्त्यांच्या तोंडी काही ठरावीक शब्द येतात. सेवेची मूर्ती, करुणेची देवता, त्यागाची ज्योत. बाईंना हे शब्द मनापासून नावडत. त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात एका पाहुण्यांनी त्यांना देवता म्हटले, तेव्हा आभार मानायला उठलेल्या बाई एवढेच म्हणाल्या की, आपण जिल्हा परिषदेच्या नोकर आहोत, प्रवासभत्त्याची तीन वर्षांची बिले अजून निघालेली नाहीत, तेवढी निघावीत. सभागृहात हशा झाला. बाईंनी ते विनोदाने म्हटले नव्हते.

त्यांचा जन्म १९४३ चा. त्या वर्षाच्या २ जानेवारीला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. खालापूर तालुक्यातील एका लहानशा शेतकरी घरात त्यानंतर काही महिन्यांनी ही मुलगी जन्मली. मराठी सातवी, म्हणजे त्या काळची फायनल, ती उत्तीर्ण झाली ही त्या घरातली पहिलीच गोष्ट. सोळाव्या वर्षी लग्न झाले आणि अठराव्या वर्षी, कडेवर चार महिन्यांची मुलगी असताना, नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले ते कायमचे. घटस्फोट नाही, पोटगी नाही. अशा स्त्रीला आपल्या समाजाने ‘टाकलेली’ हा शब्द दिला आहे. वापरून झालेल्या भांड्यालाही यापेक्षा बरा शब्द मिळतो.

परिचारिकेचा व्यवसाय आपल्याकडे पुष्कळ काळ अशाच स्त्रियांच्या वाट्याला आला, हे विसरता येत नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे दोनएक वर्षांत तेथील विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी पाठवले, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणाऱ्या बायका म्हणून केवढा गहजब झाला! त्याआधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या गेल्या. ही परंपरा आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण १९६० नंतरही खालापूरसारख्या ठिकाणी नर्स होणाऱ्या मुलीच्या आईबापांकडे लोक दयेने किंवा संशयाने पाहत होते. बाईंनी सहायक परिचारिका-प्रसाविकेचे शिक्षण घेतले ते सेवेच्या ओढीने नव्हे. त्या शिक्षणात विद्यावेतन मिळत होते, राहण्याजेवणाची सोय होती आणि शेवटी नोकरीची शाश्वती होती, म्हणून घेतले. मुलगी आईपाशी ठेवली. सेवेची ओढ नंतर आली, कामातून आली. बहुतेकांच्या बाबतीत ती अशीच येते आणि त्यात कमीपणा काही नाही.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. बाई १९६३ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्हा परिषदेच्या सेवेत लागल्या. या जिल्ह्याचे नाव पुढे १९८१ मध्ये रायगड झाले. त्यांची सगळी नोकरी या दोन तालुक्यांतच झाली.

हे दोन तालुके तुमच्या परिचयाचे आहेत, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. खोपोलीचे विद्युतगृह १९१५ चे आणि भिवपुरीचे १९२२ चे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून, तो घाटाखाली सोडून तयार केलेली वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. बेचाळीसच्या लढ्यात कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले ते उगाच नव्हे. मुंबईचा प्राण कोणत्या तारांतून वाहतो ते त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्याच तारांखालच्या उपकेंद्रात बाईंनी पहिली दहाबारा वर्षे बाळंतपणे केली ती कंदिलाच्या उजेडात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत प्रादेशिक असमतोल म्हणून एक प्रकरण असते. ज्यांना ते प्रकरण कळत नाही त्यांनी हा कंदील डोळ्यांपुढे आणावा.

उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक खोली. भोर समितीने १९४६ मध्ये जे चित्र रेखाटले होते, पैसे नाहीत म्हणून या देशात कोणीही उपचारावाचून राहू नये असे, त्याची ही शेवटची पायरी. कागदावर पाच हजार लोकवस्तीला एक आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र, असे प्रमाण पुढे ठरले. प्रत्यक्षात डोंगराळ मुलखात माणसे मोजून चालत नाही, चढ मोजावे लागतात. खांडस-कशेळेकडच्या ठाकूरवाड्या, भीमाशंकराच्या पायथ्याची वस्ती, इकडे चौकच्या वरच्या अंगाला इर्शाळ आणि प्रबळच्या उतारावरची घरे. पावसाळ्यात उल्हास, पेज, चिल्लार फुगल्या की चार महिने अर्धे कार्यक्षेत्र तुटायचे. साकव वाहून गेला तर ठाकर माणसे बाईंना हाताला धरून पाण्यातून पलीकडे नेत. औषधांची पेटी डोक्यावर, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले. मुक्कामाच्या ठिकाणी राहण्याची सक्ती होती, पण मुक्कामाला शौचकूप नव्हते. एकट्या बाईने कुठे जायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

त्या पहिल्या वर्षांत वाडीवर त्यांना कोणी घरात घेत नसे. बाळंतपण ठाकर सुईणच करी. नाळ विळ्याने कापली जाई, वर राख लावली जाई, आणि सातव्याआठव्या दिवशी मूल धनुर्वाताने ताठ होऊन जाई. त्याला बाहेरची बाधा समजत. वरिष्ठांचा आदेश असा की, सुईणींना प्रतिबंध करा. बाईंनी तो आदेश पाळला नाही. त्या एका म्हाताऱ्या सुईणीच्या शेजारी जाऊन बसू लागल्या. पाच-सहा बाळंतपणे नुसती पाहिली. मग एक दिवस तिच्या हातात नवे पाते आणि उकळलेला दोरा ठेवला आणि म्हणाल्या, मावशी, बाकी सगळे तुमचेच, एवढे मात्र माझे. पुढे त्या सुईणीने आपल्या ओळखीच्या आणखी तिघींना हीच रीत शिकवली. उकिडवे बसवून बाळंतपण करण्याची सुईणींची पद्धत आपल्या प्रशिक्षणातल्या पद्धतीपेक्षा अनेकदा सोपी जाते, हे बाई तेव्हापासून सांगत होत्या. त्यांचे तेव्हा कोणी ऐकले नाही. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्या बातमीत मंत्र्यांचे फोटो होते. पात्याचे आणि दोऱ्याचे कोणी काही लिहिले नाही.

कातकऱ्यांचा प्रश्न वेगळा होता. दिवाळी झाली की कातकरवाडी रिकामी होते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. लशीच्या नोंदवहीत त्यांच्या मुलांपुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडे, आणि शेरा पडला की कर्तव्य संपले. बाईंनी स्वतःच्या पैशाने एक वही घेतली. कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर, मुकादम कोण, किती मुले, कोणता डोस राहिला. लशीचा डबा खांद्याला लावून त्या दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रातील भट्ट्यांवर जात. त्यावरून एकदा मोठा वाद झाला. टोचलेले मूल कोणाच्या उद्दिष्टात धरायचे? बाई म्हणाल्या, ज्यांना हवे त्यांनी धरावे. अशा वह्या त्यांनी एकूण अकरा भरल्या. आपल्या देशात स्थलांतरित मजुरांची मोजदाद होत नाही म्हणून २०२० च्या टाळेबंदीत सगळे हळहळले. एका सातवी शिकलेल्या बाईने ती पेन्सिलीने करून ठेवली होती.

आता १९७६. या सभेत ते वर्ष गाळून चालणार नाही, आणि बाईंनाही ते गाळलेले आवडले नसते.

कुटुंबनियोजनाच्या त्या विरोधात नव्हत्या. आठव्या-नवव्या बाळंतपणात रक्त जाऊन मेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. आणीबाणीच्या आधी त्यांनी कितीतरी जोडप्यांना समजावून शस्त्रक्रियेसाठी नेले होते. पण १९७६ मध्ये समजावण्याचे दिवस संपले. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, नर्स, सगळ्यांना ‘केसेस’चे आकडे बांधून दिले गेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात आले नाही, एवढेच. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आकडा पुरा झाला नाही म्हणून बाईंचा पगार दोन महिने अडकला. घरात आई थकलेली, मुलगी शाळेत.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी एक केस दिली. एक कातकरी, पन्नाशी उलटलेला, बायको मरून चार वर्षे झालेली. कागदावर वय चाळीस लिहिले गेले आणि बायको हयात असल्याचे लिहिले गेले. ते अक्षर बाईंचे होते. अंगठा त्याचा. मिळणाऱ्या पैशांसाठी तो आपण होऊन आला होता, हे खरे. पण ती सबब बाईंनी कधी पुढे केली नाही. जखम चिघळली, त्या हंगामात तो कोळशाच्या भट्टीवर जाऊ शकला नाही. बाई पाच आठवडे रोज दोन कोस चालत जाऊन त्याची मलमपट्टी करीत होत्या. त्याच्या मनात राग नव्हता. उलट नर्सबाई रोज येतात याचे त्याला अप्रूप वाटे. बाईंनी ही हकीकत लपवली नाही. नव्या नर्सेसना शिकवताना त्या ती सांगत, आणि सांगताना स्वतःला सोडत नसत. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांची आपल्याकडे नोंद आहे, त्यांना मानधनही मिळाले. ज्यांच्या हातून त्या राज्याने नको ते करून घेतले, त्यांची नोंद कोणापाशी आहे?

त्याचे फळ पुढची चार-पाच वर्षे मिळत राहिले. बाई दिसल्या की पुरुष रानात पळत. लसही नको, गोळीही नको. १९७६ मध्येच देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते आणि रक्ताचा एक थेंब घेण्यासाठी बोट पुढे करायला वाडीवर कोणी तयार नव्हते. तेराचौदा वर्षांत मिळवलेला विश्वास एका वर्षात गेला, आणि तो परत मिळवण्यासाठी नवा मार्ग नव्हता. पुन्हा त्याच सुईणींच्या ओट्यावर जाऊन बसणे, एवढाच होता.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे राज्य आले. आरोग्यखाते राजनारायण यांच्याकडे गेले आणि त्या वर्षी २ ऑक्टोबरपासून गावोगावी लोकांमधूनच आरोग्यरक्षक निवडण्याची योजना सुरू झाली. समाजवाद्यांनी केलेले हे एक चांगले काम. पण त्यातही निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि तेही गावातल्या वजनदार घरांतले. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडव्याला, डॉ. नोशिर अंतिया त्याच काळात अल्पशिक्षित स्थानिक स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवत होते आणि त्या ते उत्तम करीत होत्या. दोन तासांच्या अंतरावरचा हा धडा आपल्या कार्यकर्त्यांनी घेतला नाही. आपण मोर्चे काढले ते डॉक्टर द्या, रुग्णालय द्या, यासाठी. नर्सच्या खोलीला दार नाही, विहिरीला पाणी नाही, अशी मागणी घेऊन या तालुक्यात एकही मोर्चा निघाल्याचे कोणाला आठवत नाही. बाई जन्मभर समाजवादी पक्षाला मत देणाऱ्या, सेवादलाच्या शाखेवर मुलीला पाठवणाऱ्या. पण आपल्या बैठकीत त्यांना कोणी बोलावले नाही. चहा करायला मात्र दोनदा बोलावले होते. हे त्या हसून सांगत.

१९७१ च्या सुमारास या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे १२९ मुले वर्षाच्या आत मरत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले, महाराष्ट्रात १६ वर. ही घट कशाने झाली याविषयी अभ्यासकांचे मतभेद आहेत: अन्न, शिक्षण, रस्ते, पाणी, लस. वादात पडण्याचे कारण नाही. यातील लस तरी आपल्या पायांनी वाडीवर गेली नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना परिचारिकेच्या कामाची किंमत तिच्या पगाराएवढीच धरली जाते, कारण बाजारात त्या कामाला दुसरी किंमत नाही. म्हणजे पगार कमी दिला की हिशेबात कामही आपोआप कमी ठरते. या पद्धतीतला अन्याय बाईंना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

२००१ मध्ये अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. कर्जतमध्ये दोन खोल्यांचे घर, जवळ मुलगी आणि जावई, एक नात. नातीला त्यांनीच वाढवले. स्वतःच्या मुलीचे बाळपण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. ते त्यांनी नातीत वसूल केले, असे त्यांची मुलगी म्हणते, आणि त्यात थोडी तक्रारही असते. आजी नातीला गोष्टी सांगत त्या राजाराणीच्या नसत. कोणत्या वाडीवर कोणाच्या घरी कोणत्या पावसात कोण जन्मले, याच्या असत. ती मुलगी तालुक्याचा भूगोल अशा रीतीने शिकली.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन येई. ते त्यांच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने निघे. टाकलेल्या बाईला म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. घरात तिचा शब्द चालला, जावयाने कधी आवाज चढवला नाही, याचे श्रेय संस्कारांना द्यायचे त्यांनी द्यावे. त्या रकमेचाही त्यात पुष्कळ वाटा होता. त्यातूनच त्या कर्जतच्या लोकलने कोणा ना कोणा आजाऱ्याला घेऊन मुंबईला जात. केईएमला केसपेपरची खिडकी कुठे, जे. जे.ला कोणत्या वारी कोणता विभाग, रक्त कुठे मिळते, हे त्यांना तोंडपाठ. पहाटेच्या गाडीत खिडकीपाशी पेशंट, शेजारी आजी, मांडीवर भाकरीचे गाठोडे. हे दृश्य सत्तरीपर्यंत चालू होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. वर जायला रस्ता नव्हता. यंत्रे नेता येईनात, मदतपथके पावसात चढून गेली आणि त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने अंत झाला. खाली काही अंतरावर द्रुतगती मार्ग आहे आणि टोलनाका आहे. बाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. दूरदर्शन संचावर ती चढण दाखवत होते. त्यांनी नातीकडून जुनी वही मागवली आणि बराच वेळ ती उघडून बसल्या. कोणाशी काही बोलल्या नाहीत.

ती नात आज परिचारिका आहे. आजीपेक्षा कितीतरी अधिक शिकलेली, परिचर्येची पदवीधर. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर. अकरा महिन्यांचे कंत्राट, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. अशी सहा वर्षे झाली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवसांचा संप झाला. पण ही मुलगी त्या रांगेतही नाही. ती कर्मचारीच नाही. तिच्या बरोबरीने वाडी चढणारी आशाताई तर कागदोपत्री स्वयंसेविका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये त्याच आशा मानधनासाठी संपावर होत्या. आजीला १९६३ मध्ये, कंदिलाच्या काळात, गरीब देशाने जे देऊ केले, ते नातीला आजचा श्रीमंत होत चाललेला देश देत नाही. पैसा नाही हे कारण तेव्हा खरे असते. आज ते खरे नाही.

शेवटच्या आजारात बाई नातीला रोज एकच विचारत: कायम झालीस का? सरकारी भाषेतला हा शब्द त्यांनी नातीच्या लग्नाच्या प्रश्नापेक्षा अधिक वेळा विचारला असेल.

कंत्राटी परिचारिका आणि आशा यांना सेवेत कायम करावे, उपकेंद्रांत राहण्यायोग्य निवास आणि शौचालय असावे, डोंगरावरच्या प्रत्येक वाडीला पायवाटेपुरता तरी पक्का रस्ता असावा, या मागण्यांचे निवेदन दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. जाताना सर्वांनी त्यावर सही करावी. बाईंची मुलगी आणि जावई यांनी केली आहे. नातीची सही त्यावर नाही. तिचे कंत्राट या महिनाअखेरीस संपते आहे आणि नवा आदेश अजून निघालेला नाही.